भिंतीवर ठोकलेलं दार

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर पटली, नाही पटली तरी माझं तुमच्याशी भांडण नाही.

यात अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. पिंपळसुद्धा नाही, त्यामुळे काही वाचक इथूनच उठून जातील, जाऊ देत.

पानशेत फुटलं त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. वेळ दुपारची, ऊन डोक्यावर. मुळशीत पौडावरून ताम्हिणीकडे जाताना डोंगराच्या पोटात एक गाव लागतं. त्याचं नाव सांगत नाही. ज्यांनी हे केलं त्यांची नातवंडं अजून तिथं राहतात आणि त्यांनी काही केलेलं नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं तो कुशाबा सुतार. माझ्या आईचा बाप.

आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही. तेव्हा तीही शंका नको.

आधी दोन वर्षं मागं जावं लागेल.

त्या गावाला शाळा होती म्हणजे एक छप्पर होतं. भिंतींना कारवीच्या काटक्यांचा कूड, वर गवत आणि ये-जा करायला एकच दार. ते दार कुशाबानंच केलेलं. आमच्या मावळात घराचं दार आत उघडतं. पावसाळ्यात बाहेर ओसरीवर शेळ्या, घोंगड्या, सरपण, सगळं एकावर एक असतं. बाहेर उघडणारं दार करतो कोण? कुशाबानं शाळेलाही घरासारखंच दार केलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

त्या शाळेत मुलांना दूध मिळायचं. सरकारी भुकटीचं. धोंडाबाई नावाची एक विधवा बाई कोपऱ्यातल्या चुलीवर मोठं पातेलं चढवायची, भुकटी कालवायची आणि उकळी आली की पोरांना पेले भरून द्यायची. पोरांना ते दूध बिलकूल आवडायचं नाही. धोंडाबाई नाक दाबून पाजायची.

चैत्रात एके दिवशी चुलीतली ठिणगी गवतात गेली.

वाळलेलं गवत ते. त्याला कितीसा वेळ लागतो?

गुरुजी त्या दिवशी पौडाला गेलेले. आत बत्तीस पोरं आणि धोंडाबाई. पोरं दाराकडं धावली आणि दारावर जाऊन आदळली. मागची पुढच्यांना रेटत होती, पुढची फळीला चिकटली होती, आणि दार तर आत उघडणारं...

ते उघडेना.

धोंडाबाईनं पोरांना केसांना धरधरून मागं ओढलं. दार उघडलं. एकेकाला बाहेर काढलं. बत्तीसच्या बत्तीस. त्यात माझी आई जया होती, सहा वर्षांची.

मग छप्पर खाली बसलं.

धोंडाबाई दारामागं सापडली. शेजारी पातेलं होतं. दूध त्यात पार करपून गेलेलं. गावात तीन दिवस करपलेल्या दुधाचा वास येत होता. त्या वासात आणखी एक वास मिसळलेला होता. तो सगळ्यांना येत होता, पण तोंडानं कुणी बोललं नाही.

एवढं झाल्यावर वरून कागद हलले. नवी शाळा मंजूर झाली. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, एक मोठा वर्ग. आणि नकाशात स्पष्ट लिहिलेलं, वर्गाला दोन दारं. एक पुढं, एक मागं. दोन्ही बाहेर उघडणारी. भिंतीला वाळू भरलेल्या सहा लाल बादल्या.

काम घेतलं हैबतरावानं. गावातलाच बडा माणूस. खोऱ्यात कुणाचंही घर उभं राहायचं तर त्याच्या हातून. सुतारकामाला अर्थातच कुशाबा.

कुशाबानं दोन्ही दारं घरीच तयार केली. चांगल्या ऐनाच्या लाकडाची. बाहेर उघडतील अशी. जया रंध्याच्या ढलप्या वेचत शेजारी बसायची. नव्या शाळेत जायला ती तयार नव्हती. शाळेचं नाव काढलं की ओकायची. कुशाबा तिला रोज समजवायचा, “आता दोन दारं हायेत बाळा. म्याच केल्यात. काय बी झालं तरी मागनं पळायचं.”

रोज सांगायचा. शेवटी पोरगी तयार झाली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी कुशाबा दारं घेऊन शाळेवर गेला. पुढचं दार बसवलं. मागचं घेऊन आत आला आणि थांबला.

मागच्या भिंतीत दाराला जागाच ठेवलेली नव्हती. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उचललेली.

“मालक, दार कुटं बसवू?”

हैबतराव पान जुळवत उभा होता. “बसव की भिंतीवर.”

“भिंतीवर?”

“मागं खडक हाय कुशाबा. दार केलं तर पोरं काय खडकात शिरणार? त्यो फोडायचा म्हंजी सुरुंग आलं, पंधरा दिस आलं. उद्या साहेब येतुया. चौकट ठोक भिंतीवर, वर फळी लाव. दार दिसल्याशी मतलब.”

“आन् साहेबानं उघडून बघितलं तर?”

“उद्या सकाळी रंग मार. वल्या रंगाला साहेबलोक हात लावत न्हाईत.”

कुशाबानं तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हैबतरावाला दुखवलं की खोऱ्यातलं काम संपलं, हे त्याला कळत होतं. घरी पोरीला काय सांगून आलोय हेही त्याला कळत होतं.

तरी त्यानं पिशवीतून लांब खिळे काढले.

मला इथं माझ्या आजोबाची किळस येते. सांगून टाकतो. त्याच्या मांडीवर वाढलो, तरी येते.

दुपारी सगळे भाकरी खायला गेले. गवंडी गेले, हैबतराव गेला. कुशाबा एकटाच वर्गात राहिला. चौकट भिंतीवर ठोकून झाली होती. फळी बिजागऱ्यांवर चढवून झाली होती. कडीसुद्धा लावली. लांबून बघितलं तर अस्सल दार. त्याचंच काम होतं ते, सफाईत खोट नव्हती.

शेवटचा खिळा मारला आणि हातोडी खाली ठेवली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं... बाहेर काहीच वाजत नाहीये.

कावळा नाही. गुराची घंटा नाही. कौलांवर सकाळपासून चिमण्या कालवा करत होत्या, त्याही गप्प.

आणि मग वास आला.

आधी अगदी थोडा... मग नाकात बसला.

करपलेलं दूध.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. कोरा वर्ग. चूल नाही, पातेलं नाही, चुन्याच्या ओल्या वासाशिवाय तिथं दुसरा वास असायचं कारण नव्हतं. वास मात्र वाढत होता. त्याच्या घशात चिकटत होता.

मग आवाज झाला.

टक.

फळीच्या मागून.

टक... टक...

फळीच्या मागं भिंत. हातभर जाडीची, सलग. भिंतीमागं खडक. तिथं मांजरसुद्धा उभं राहू शकत नाही. तरी कुशाबा बाहेर जाऊन बघून आला. खडक होता, करवंदीची जाळी होती, कुणी नव्हतं.

परत आत आला. फळीला हात लावला.

फळी गरम होती.

कुणी दुसरा असता तर तिथून पळाला असता. पण सुताराला स्वतःचं काम वाकडं झालेलं सोसत नाही. त्याला वाटलं, मागं काहीतरी राहिलंय. त्यानं पटाशी घातली आणि बिजागऱ्यांवरून फळी उतरवली.

मागं विटा होत्या.

विटांच्या सांध्यांतून काहीतरी गळत होतं.

पिवळट, जाड, ठिकठिकाणी तपकिरी. त्याला वाटलं चुना असेल. बोट लावलं. ते बोटाला चिकटून लोंबलं... सायीसारखं. ओढलं तर ताणलं गेलं आणि तुटलं नाही. गरम होतं. आणि त्यात काळे बारीक केस होते.

कुशाबा तिथंच कोपऱ्यात ओकला.

तेवढ्यात हैबतराव ढेकर देत आला. दारातच त्यानं नाकाला उपरणं लावलं. म्हणजे वास त्यालाही आला. जवळ येऊन त्यानं भिंत पाहिली. चांगली डोळे भरून पाहिली.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यांत घाणेरडी बाब हीच. त्यानं पाहिलं.

“वैनी हाय ती,” कुशाबा म्हणाला. “धोंडावैनी.”

हैबतरावानं भिंतीवरच्या लाल बादलीतली मूठभर वाळू घेतली. त्या घाणीवर थापली. पायातल्या जोड्यानं घासली. परत मूठभर वाळू, परत घासणं. भिंत कोरडी दिसायला लागली तसा जोडा जमिनीवर आपटून मागं सरला.

“बसव फळी.”

कुशाबानं बसवली.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं राखेनं हात घासले. शिकेकाईनं घासले. लिंबू चोळलं. बायको तुळजाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “कुणाचं दूध करपलं म्हनायचं? आपल्याकडं तर दुभतं जनावर न्हाई.”

जया अंथरुणावरून उठून बापाजवळ आली आणि चार हात अलीकडंच थांबली.

“आबा, तुमच्या हाताला शाळेचा वास येतुया.”

कुशाबा त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र गेला. रंगाचा डबा घेऊन गेला. फळीला हिरवा रंग दिला, चांगला जाड. रंग ओला आहे अशी पाटी गुरुजींनी खडूनं लिहून ठेवली. गुरुजींना माहीत होतं. गवंड्यांना माहीत होतं. सरपंचाला माहीत होतं. ओल्या रंगाची पाटी वाचून प्रत्येक जण मान हलवत होता आणि दुसरीकडं बघत होता.

शिक्षण खात्याचा साहेब आला. हार झाले, नारळ झाला. पाहुण्यांपैकी एकानं भिंतीवरच्या लाल बादलीत पानाची पिंक टाकली. ते बघून दुसऱ्यानं टाकली. बत्तीस पोरं वर्गात मांडी घालून बसवलेली. जया मागच्या रांगेत, दाराला पाठ लागेल अशी. बापाकडं बघून ती हसली. मागचं दार जवळ मिळालं म्हणून हसली.

कुशाबा पुढच्या दारात उभा होता. त्याला ते हसू बघवेना.

साहेबानं लांबूनच बोट केलं. “ते मागचं दार?”

“व्हय साहेब. रंग वला हाय,” हैबतराव म्हणाला.

“ठीक.”

झालं. एवढीच तपासणी.

मग दूध वाटलं. बाहेर अंगणात उकळून आणलेलं. पोरांनी पेले तोंडाला लावले... आणि एकेक पेला खाली आला.



पोरांनी माना वळवल्या. एकाच वेळी नाही, एकेक करून, पुढून मागं. बत्तीस माना त्या हिरव्या दाराकडं वळल्या. कुणाकडून हाक आल्यावर वळाव्यात तशा.

साहेबानं नाकाला रुमाल लावला. वास सगळ्यांना येत होता. गुरुजींच्या हातातला हार खाली पडला.

टक... टक... टक...

या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

फळीवरचा ओला रंग फुगायला लागला. आधी एक फोड. मग दुसरा. फोड फुटून हिरवा रंग खाली ओघळू लागला.

जया उठली. दाराला कान लावला. थोडा वेळ ऐकत राहिली. मग वळून तिनं सरळ बापाकडं पाहिलं.

“आबा, काकी इचारतीया... ह्ये दार कुनीकडं उघडतंय?”

 हैबतराव कुशाबाकडं बघत होता. डोळ्यांनीच सांगत होता, गप राहा.

कुशाबानं त्याच्यावरची नजर काढून जयाकडं वळवली.

“कुनीकडंच न्हाई,” तो म्हणाला.

मग तो पोरांमधून वाट काढत मागं गेला. जयाला बाजूला केलं. कोपऱ्यात गवंड्यांची पहार होती ती उचलली आणि फळीच्या कडेला घातली. कालच मारलेले खिळे कुरकुरत निघाले. फळी पडली. चौकट पडली.

मागं विटा. सलग. काल घासलेली वाळू अजून चिकटलेली.

कुणी दचकलं नाही. ज्यांना माहीत होतं ते खाली बघत होते. साहेब तेवढा भिंतीकडं बघत होता. कुशाबाला वाटलं, आता हा माणूस हैबतरावाला फाडून खाणार.

साहेबानं घड्याळ पाहिलं.

“हे आजच दाखवायचं काही कारण?” तो हळूच म्हणाला. कुशाबाला म्हणाला. मग गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेला. त्याच्या मागं पाहुणे गेले. हैबतराव सगळ्यांत शेवटी. दारातून वळून म्हणाला, “ह्या खोऱ्यात तुला खुंटी ठोकायचं काम मिळणार न्हाई.”

ते त्यानं खरं करून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून कुशाबा एकटाच पहार घेऊन भिंतीला लागला. भिंत फोडली. मग खडकाला छिन्नी लावली. दोन दिवस एकटाच होता. तिसऱ्या दिवशी एक बाप घण घेऊन आला. मग दुसरा आला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोलायला तोंड कुठं होतं? तेराव्या दिवशी खडकातून माणूस उभा जाईल एवढी वाट झाली आणि कुशाबानं तेच दार बसवलं. बाहेर उघडणारं.

त्या दिवशी दुपारी चारला त्यानं पोरांना वर्गात बसवलं आणि म्हणाला, “पळा.”

पोरं पळाली. मागच्या दारातून, खडकातल्या वाटेनं, पलीकडच्या माळावर. जया पण पळाली. बाहेरून तिचा हसण्याचा आवाज आला. कुशाबानं तो किती दिवसांनी ऐकला होता.

तो आतच थांबला. वर्ग रिकामा झाला होता. वास मात्र अजून होता... अगदी थोडा.

त्यानं दार पूर्ण उघडलं आणि रिकाम्या वर्गाकडं बघत म्हणाला,

“वैनी. दार उघडं हाय. आता तू बी ये.”

काही नाही.

“माझं चुकलं. दोनदा चुकलं. पयल्यांदा ठावं नव्हतं. दुसऱ्यांदा ठावं असून केलं. तू ये भाईर.”

काही नाही. पोरांचा कालवा अचानक बंद पडला. वारा नव्हता.

कुशाबा वाट बघून वळला. दाराकडं तोंड केलं.

आणि त्याच्या पाठीवर दोन हात टेकले.

लहान हात. कामाचे, खरबरीत. आणि भयंकर गरम...

त्यांनी त्याला ढकललं.

जोरात. जीव खाऊन. तो दारातून बाहेर फेकला गेला, खडकातल्या वाटेवर तोंडावर पडला. वळून पाहिलं तर वर्गात कुणी नव्हतं. कौलांतून पडलेले उन्हाचे तुकडे तेवढे जमिनीवर होते.

घरी तुळजाबाईनं सदरा काढायला लावला. दोन्ही खांद्यांच्या मधे कातडं भाजून फुगलं होतं. तिनं खोबरेल लावलं. लावता लावता तिचा हात थांबला. दहाच्या दहा बोटं मोजता येत होती.

“तुमास्नी बी भाईर काढलं तिनं,” एवढंच ती म्हणाली.

कुशाबा त्यावर रडला. भीतीनं नाही. त्याला स्वतःची इतकी शिसारी आली होती की त्या बाईनं आपल्याला हात लावावा हेच त्याला सोसवेना. महिनाभरात त्यानं बिऱ्हाड पुण्याला हलवलं. धोंडाबाई कधी बाहेर आली का, त्याला कळलं नाही. त्यानं आणखी दोन वेळा तिथं जाऊन दारात उभं राहून हाक मारली होती. उत्तर आलं नाही.

मी स्वतः तिथं कधी गेलो नाही. मला धाडस होत नाही.

गेल्या महिन्यात त्या गावातला एक ओळखीचा भेटला. मी सहज शाळेचं विचारलं. म्हणाला, इमारत अजून तीच आहे, भक्कम आहे, पोरंही बरीच आहेत. फक्त मागच्या दाराला हल्ली कुलूप असतं. कुणीतरी बाकं चोरून नेली म्हणून.

किल्ली कुणाकडं असते, मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं.